गाडीचं नाक

सेवेरो काका पेट्रोल तोंडाने ओढायचा. नळीचं एक टोक टाकीत सोडायचं, दुसरं दातांत धरायचं, गालफडं आत ओढायची आणि पेट्रोल जिभेला लागलं की शेजारी पचकन थुंकून नळी डब्यात सोडायची. त्या थुंकीत तो सतत चघळायचा त्या कोकाच्या पानांचा हिरवा चोथा असायचाच. एल आल्तोमधल्या त्याच्या टपरीपुढची फरशी इतक्या वर्षांत शेवाळल्यासारखी झाली होती. नोर्का शाळेत असल्यापासून तिथून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जायची.

आज त्या तोंडाचा वास तिच्या मानेमागे येत होता. काका तिच्या मागच्या सीटवर बसला होता. दोघांच्या मध्ये, त्याच्या मांडीवर, प्लास्टिकच्या पिशवीत एक कार्ब्युरेटर होता आणि खड्डा आला की त्याचा कोपरा तिच्या पाठीत रुतत होता.

"हळू घे, मास्तरीणबाई," काका कानाशी म्हणाला. "या पिशवीतला माल घरी धड पोचला पाहिजे. संध्याकाळी बसवायचाय."

तिने गिअर बदलला. दूर कोचाबाम्बा शहरातल्या शाळेत ती वाङ्मय शिकवायची, आणि काकाच्या मते हा धंदा ज्यांना दुसरं काही जमत नाही त्यांचा होता.

हा कार्ब्युरेटर तिच्या बाबांच्या, म्हणजे सेनोनच्या, याच मोटरसायकलचा होता. बाबा रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचे. फार वर्षांपूर्वी त्यांनी तो गाडीवरून काढला आणि त्याच्या जागी स्वतः बनवलेलं पेट्रोलचं इंजेक्शन बसवलं. भंगारातल्या छोट्या मोटारीचा इंजेक्टर, कुठल्याशा अपघातातल्या गाडीचा पेट्रोलपंप, आणि या सगळ्याला हुकूम सोडणारं, कोको पावडरच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेलं एक डोकं. त्याच्या तारा बाबांनी स्वतः जोडल्या आणि हिशेब स्वतः बांधला. किती हवेला किती पेट्रोल, एवढाच तो हिशेब. पण तो जुळवता जुळवता त्यांचे केस पांढरे झाले.

आल्तो उंचावर, तिथली हवा विरळ. तिथे जुळवलेली गाडी खाली युंगासच्या दमट जंगलात नेली की तिला पेट्रोल पुरत नाही. खाली जुळवलेली वर आणली की काळा धूर ओकते. म्हणून खाली जाणारा प्रत्येक जण सेवेरोच्या टपरीवर थांबायचा, कार्ब्युरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक तोंड, बदलून घ्यायचा, आणि परतताना पुन्हा थांबायचा. वर जाताना एक, खाली जाताना एक. काकाचं घर त्यावर उभं राहिलं होतं. आणि त्याचाच सख्खा भाऊ चार घरं सोडून अशी गाडी बनवत होता, जी कुणाच्याही टपरीवर थांबणार नाही.

"गाडीला डोकं कशाला हवं?" काका येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. "आमच्या सेनोनला देवाने डोकं दिलं होतं, त्याने काय दिवे लावले?"

बाबांना गाडी युंगासपर्यंत न्यायची होती. पण आधी छाती दुखायला लागली, मग जिने चढवेनात, आणि नाताळच्या आधी ते गेले. त्यानंतर नातलग जमले, बटाट्याचं सूप प्यायले, आणि गाडीचं काय करायचं ते ठरवून मोकळे झाले. गाडी सेवेरोने घ्यावी, ते खेळणं काढून कार्ब्युरेटर बसवावा, आणि त्याच्या पोराने तिच्यावर गॅसच्या टाक्या पोचवाव्यात. नोर्का म्हणाली, बाबांची गाडी मी खाली नेऊन दाखवते. युंगासमधल्या योलोसाच्या पुलापर्यंत, काही न बदलता. पोचली तर जशी आहे तशी माझ्याकडे राहील. नाही पोचली तर जिथे बंद पडेल तिथेच काकाने पाने-पकड घेऊन ते खेळणं उचकटावं.

"कबूल," काका म्हणाला होता. "पण मी मागे बसणार. नाहीतर ही वाटेत कुणाकडून तरी जेट बदलून घेईल."

"हिच्यात जेट नाहीच, काका."

"तेच तर म्हणतोय मी."

म्हणून आजचा हा प्रवास. सकाळ स्वच्छ होती. ला कुम्ब्रे खिंडीच्या चढाला दोन माणसं घेऊन गाडी तक्रार न करता चढत होती, आणि मागचा वास सोडला तर नोर्काला बरं वाटत होतं. फक्त खिंड जवळ आली तेव्हा आरशात धुराची एक करडी शेपूट दिसली. बाबांच्या गाडीला धूर येत नसे. काकानेही मान वळवून पाहिलं. त्याच्या पोटाचं हसू तिला पाठीत जाणवलं.

खिंडीत पुतळ्यापाशी गाड्या थांबल्या होत्या. ड्रायव्हर खाली उतरून चाकांवर, बॉनेटवर, मातीवर दारूचे थेंब सोडत होते. उतरणीला लागायच्या आधी पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, पाजल्याशिवाय इथून कुणी पुढे जात नाही. कुत्री ओळीने बसून काही मिळतंय का ते बघत होती.

"थांब इथे," काकाने तिच्या खांद्यावर थाप मारली. "बाटली आणलीय."

"नको."

"अगं, धरणीला चार थेंब..."

"पाजलंय की कार्निव्हलला. पोटभर."

तिने गाडी थांबवलीच नाही.

कार्निव्हलचा तो मंगळवार तिच्या घशात अजून अडकला होता. त्या दिवशी घर, दुकान, गाडी, जे जे म्हणून पोटाला घालतं त्या सगळ्याला लोक बिअर पाजतात, रंगीत कागदाच्या टिकल्या उधळतात, पाकळ्या टाकतात. बाबांना जाऊन पुरते तीन महिनेही झाले नव्हते. तरी काका सकाळपासून झिंगून, गळ्यात कागदी माळा घालून अंगणात आला. त्याने गाडी मधोमध ओढली, सीट उचलून बाजूला ठेवली आणि जमलेल्या शेजाऱ्यांना म्हणाला, "बघा! आम्ही बनवलंय. आम्ही, चोकेतिक्यांच्या दोघा भावांनी!"

आम्ही. जो माणूस आयुष्यभर या यंत्रावर थुंकला, तो आता त्याचा बाप झाला होता. मेलेल्या माणसाच्या ताटातला घास उचलून खाल्ल्यासारखं ते तिला वाटलं. बिअरच्या फेसाचा आंबूस वास, पत्र्यावर चिकटलेले कागद, काकाची ओली हनुवटी. तिने नाक मुरडलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आतल्या भिंतीवर बाबांचा फोटो होता. तोही कुठल्याशा कार्निव्हलचाच. काका ओततोय, आणि बाबा गाडीवर वाकून, सीटखाली हात घालून उभे आहेत. बोटांवरून फेस ओघळतोय. पुस्तकांनी घर भरून टाकणारा हा माणूस त्या ओंगळपणापुढे इतका वाकलेला तिला कधीच बघवला नव्हता. तिने फोटोकडे पाठ केली आणि बाहेरचा बँड थांबेपर्यंत तशीच बसून राहिली.

खिंडीनंतर उतार सुरू झाला. धुकं खालून वर येत होतं. उतारावर गाडीला काही काम नव्हतं, म्हणून बराच वेळ काही कळलं नाही. उन्दुआवीच्या अलीकडे रस्ता जरा सपाट झाला. नोर्काने रेस दिली, आणि गाडीने घेतली नाही. आधी एक आचका, मग सायलेन्सरमधून फट्, मग लागोपाठ दोनदा फट् फट्. रस्त्याकडेला चरणारं एक लामा बिचकून उडालं.

"झालं!" काका ओरडला. आवाजात सण होता. "ऐकलंस? पेट्रोल पुरत नाहीये. आंधळ्यालाही कळेल. मोठा जेट टाकला असता तर आत्ता गात गेली असती."

उन्दुआवीच्या टपऱ्यांपर्यंत गाडी कशीबशी, मेलेली कोंबडी फरफटत न्यावी तशी, गेली. इथे सगळ्या बस थांबतात. तळलेल्या ट्राउट माशांचा वास, जुन्या तेलाचा धूर, आणि टपऱ्यांमागे ज्या भिंतीला सगळे प्रवासी तोंड करून उभे राहतात तिचा वास, असं सगळं एकत्र नाकात शिरलं. नोर्काने गाडी लेओकादिया नावाच्या मासेवालीच्या टपरीपुढे लावली. इंजिन बंद केलं नाही. ते धाप लागल्यासारखं धुगधुगत होतं.

काका उतरला, पिशवी मांडवाच्या खांबाला अडकवली आणि खिशातून पाना काढला.

"कोण मेलं, सेवेरो?" लेओकादियाने कढईतून मान वर न करता विचारलं. वाटेवरचे सगळे काकाला ओळखत होते.

"भावाचं खेळणं मेलं. पुरायला आलोय."

बसमधून उतरलेले दोघे-तिघे हात खिशात घालून बघायला उभे राहिले. नोर्काला त्या बघणाऱ्या तोंडांची शिसारी आली. कुणाचीही गाडी बंद पडली की यांना मासे जास्त चविष्ट लागतात.

"पाना खाली ठेवा, काका. अजून बंद पडलेली नाही."

"मग हे काय करतेय? प्रार्थना?"

तिने सीट उचलली. कोकोचा डबा जिथल्या तिथे होता. बाबांनी तो चहूबाजूंनी डांबराने लिंपला होता, त्यामुळे आत काही शिरलं नव्हतं. डब्यातून एकच बारीक रबरी नळी बाहेर आली होती, काडीएवढी, तोंड वर. खालून चिखल उडू नये म्हणून वर. पावसाचं काही भय नव्हतं, वर सीट होती.

"हे तिचं नाक," बाबा फोनवर म्हणाले होते. "कार्ब्युरेटरला नाक नसतं, म्हणून त्याला वर काय नि खाली काय, कळत नाही. माझी गाडी हवा हुंगते. दाट लागली की जास्त पेट्रोल घेते, विरळ लागली की कमी." ते किती तरी वेळ बोलत राहिले होते, आणि ती एका कानाने ऐकत वह्या तपासत होती. पण तेवढं मात्र तिच्या लक्षात राहिलं होतं, आणि पुढचंही. "नाक चोंदलंय की नाही ते बघायचं असेल तर गाडी चालू ठेवून नळीतून थोडी हवा ओढायची. लगेच कण्हायला पाहिजे."

ती वाकली, नळी ओठांत धरली आणि ओढली. काहीच नाही. हवा आलीच नाही. इंजिन होतं तसंच धुगधुगत राहिलं. ओठांना मात्र काहीतरी गोड, कडू, आंबलेलं लागलं.

तिने नळी डोळ्यांजवळ धरली. तोंडापासून थोडं आत, तपकिरी, चिकट, वाळलेल्या शेंबडासारखं काहीतरी बसलं होतं. त्यात गुलाबी काहीतरी चमकत होतं.

बिअर. कार्निव्हलची बिअर, आणि तिच्यात कागदाची टिकली. त्या मंगळवारी सीट उचलून काकाने ओतलेली. पाक होऊन ती घट्ट झाली होती आणि तिच्यामागे आल्तोची विरळ हवा कोंडून बसली होती. गाडी इतकी खाली आली, बाहेरची हवा दाट झाली, तरी हिच्या नाकाला अजून आल्तोच. वर खिंडीतला तो धूरही त्याचाच.

"बघा," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता, शाळेत कॉपी पकडल्यावर असतो तसा. "हे तुम्ही पाजलंत."

काकाने वाकून पाहिलं. पोपटी दातांची फट उघडी राहिली.

"फुंकून टाक मग."

"फुंकलं तर आत जाईल. डबा डांबराने बंद आहे, दुसरं टोक मोकळं होत नाही. ओढूनच काढायला हवं."

तिने पुन्हा ओढलं. जोर लावला तशी आंबट चव घशापर्यंत आली, आणि ती कठड्याशी जाऊन नुसतीच ओकारी काढून परतली. तिसऱ्यांदाही तेच. बूच हललं नाही. बघणाऱ्यांपैकी एक जण हसला.

"ए, हसतोस काय," काका त्याच्यावर खेकसला. मग नोर्काकडे वळला. "सरक. हे काय वाङ्मय आहे? आयुष्य गेलं माझं नळ्या ओढण्यात. दे इकडे."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. गालात लिंबाएवढा पानांचा गोळा, कोपऱ्यात सुकलेली हिरवी रेघ. बाबांच्या गाडीचं नाक या तोंडात द्यायचं? सगळा देह नको म्हणाला. पण काकाला आता थांबवणं कठीण होतं. चार माणसं बघत होती आणि प्रश्न त्याच्या कसबाचा होता. आपण कुणाचं यंत्र वाचवतोय हे त्याच्या ध्यानातही नसावं. त्याने गोळा दुसऱ्या गालात सरकवला, नळी दातांत धरली आणि गालफडं आत ओढली. मानेच्या शिरा फुगल्या. चक् असा बारीक आवाज झाला. तो बाजूला वळून थुंकला. फरशीवर हिरव्या लाळेत एक तपकिरी गोळी आणि गुलाबी टिकली पडली.

"निघालं," काका म्हणाला, जणू दात उपटला होता. "दुसरं कुणी काढून दाखवा."

इंजिन एकदम मोठ्याने श्वास घेतल्यासारखं चढलं, मग खाली आलं आणि एका लयीत बोलू लागलं. लेओकादियानेही मान वर केली.

"खात्री करायला हवी," नोर्का म्हणाली.

"कर की."

खात्री करायची रीत एकच होती. नळीचं तोंड ओलं होतं, आणि ओल हिरवी होती. तिने ते बाहीला पुसलं, पुन्हा पुसलं. तरी ते त्याचंच राहिलं. डोळे मिटून तिने ओठ लावले आणि अलगद ओढलं. इंजिन कण्हलं. सोडलं, सावरलं. पुन्हा ओढलं, पुन्हा कण्हलं.

"शिंकतेय," लेओकादिया म्हणाली. "शिंकणाऱ्याला पुरायला निघाला होतास होय रे, सेवेरो?"

काकाने पाना उचलला. "ते काही नाही. हात लावलास. काही न बदलता, असं ठरलं होतं."

"मी हात नाही लावला, काका. तुम्ही तोंड लावलंत."

माणसं हसली. या वेळी काकावर. तो थोडा वेळ पाना या हातातून त्या हातात करत राहिला. मग त्याची नजर उघड्या सीटखाली गेली आणि तिथेच खिळली.

"सेनोन दरवर्षी तिथे अंगठा ठेवून उभा राहायचा," तो म्हणाला. "त्या नळीवर. मी ओतायचो आणि म्हणायचो, काढ हात, मशीनला पिऊ दे. काढायचा नाही. मला वाटायचं, हा गाडीच्या पाया पडतोय."

नोर्काला भिंतीवरचा फोटो दिसला. वाकलेली पाठ, बोटांवरून ओघळणारा फेस.

"मला सांगायचं होतं ना त्याने," काका चिडून म्हणाला. "म्हणायचं होतं, इथे ओतू नको."

"तुम्ही ऐकलं असतं?"

त्याने विचार केला. "नसतं. मुद्दाम तिथेच ओतलं असतं."

ती सीट लावायला गेली तर त्याने तिचा हात धरला. दुसऱ्या हाताने जाकिटातून बाटली काढली. खिंडीत न उघडलेली.

"आता नाही म्हणू नकोस. खिंडीत पाजलं नाहीस म्हणून हे झालं."

"बिअरने झालं, काका. आत्ता तुम्ही स्वतः थुंकलात ती."

"ते झालंच. पण खिंडीत थांबली असतीस तर बिअर नडली नसती. आता पुढे दरी आहे. न पाजता मी या गाडीवर बसणार नाही. आणि मी बसलो नाही तर तू पोचलीस की नाही हे सांगणार कोण?"

त्याच्याशी वाद घालणं म्हणजे चिखलात काठी मारणं. अंगावर उडणार ते आपल्याच. तिने एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. मग ती वाकली, सीटखाली हात घातला आणि नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला.

"ओता," ती म्हणाली.

काकाने ओतलं. हात आखडता न घेता. स्वस्त दारू टाकीवरून, तारांवरून, तिच्या बोटांवरून, मनगटावरून बाहीत शिरली. नखाजवळच्या चिरेत झोंबली. काका डोळे मिटून आयमारा भाषेत पुटपुटत होता, त्यात सेनोनचं नाव दोनदा आलं. तिने अंगठा हलवला नाही. तो फोटो काढणाऱ्याने कुठून काढला असेल, तिथून आता आपण कशा दिसत असू, असं तिच्या मनात आलं, आणि तिला आपलीही किळस आली. तरी तिने अंगठा हलवला नाही.

त्यानंतर गाडीने काही मागितलं नाही. धुकं संपलं, ओल आली, कठड्यांवरून नेचे लोंबू लागले. रेस दिली की गाडी घेत होती, खाली येईल तशी अधिकच. मागच्या माणसाने स्वेटर काढला, मग टोपी. मग एका वळणावर त्याच्या तोंडातून उडालेला हिरवा थेंब तिच्या खांद्यावर बसला.

"कानाला काय वाटतं सांगू?" तो म्हणाला. "सतरा नंबरचा जेट टाकल्यासारखी चाललीय."

हे त्याच्या तोंडचं सर्वांत मोठं कौतुक होतं. खांदा पुसायला तिला हात सोडता येत नव्हता.

योलोसाच्या पुलाशी ती थांबली तेव्हा सडक्या संत्र्यांचा आणि वाळत घातलेल्या कोकाचा गरम वास अंगावर आला. इंजिन सावकाश, एकसारखं वाजत होतं. भाड्याच्या मोटरसायकलींवर बसलेली माणसं कोकोच्या डब्याकडे बघायला जमली.

"हे कुणी बनवलं?" एकाने विचारलं.

"आम्ही," काका म्हणाला. क्षणाचाही विलंब नाही. "आम्ही दोघा भावांनी. तो बनवायचा, मी पाजायचो."

नोर्काला कार्निव्हलचं ते "आम्ही" आठवलं. चूक दाखवायला तोंड उघडलं असतं तर त्यातलं एक अक्षरही खोडता आलं नसतं.

ती नळावर हात धुवायला गेली. परतली तेव्हा काकाने पिशवीतला कार्ब्युरेटर काढून एका मोटरसायकलवाल्याच्या तळहातावर ठेवला होता.

"अस्सल माल आहे," तो सांगत होता. "माझ्या स्वर्गवासी भावाची आठवण म्हणून जपलेला. जिवापाड. पण तुझी गरज बघून देतोय. आत मोठा जेट आहे, इथल्या हवेला एकदम फिट्ट."

माणूस तो उलटसुलट करून बघत होता. सौदा होणार हे काकाच्या हनुवटीवरून कळत होतं. म्हणजे संध्याकाळी बसवायला आता काहीच उरणार नव्हतं, गाडी आहे तशीच राहणार होती. बाबा गेल्याला चार महिने झाले नाहीत आणि हा पुलावर उभा राहून त्यांची आठवण विकतोय. नोर्काला इतकी घृणा वाटली की तिने तोंड फिरवलं. फिरवता फिरवता तिच्या लक्षात आलं की खांद्यावरचं ओझंही उतरलंय, आणि ते याच माणसाने उतरवलंय. त्याने घृणा कमी झाली नाही.

तिने सीट उचलून पाहिलं. नाक कोरडं होतं. साबण लावून धुतला तरी अंगठ्याला दारूचा वास येतच होता.